गावाकडून माजी विद्यार्थ्यांचा गट कसा उभा करायचा: घरातल्या पहिल्या पदवीधरांसाठी

दरवर्षी निकाल लागला की कुणी ना कुणी विचारतंच, ताई आमच्या तालुक्यातल्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप काढायचा आहे, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी यवतमाळ जिल्ह्यातली, अमरावती विद्यापीठाची, अन् माझ्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. आमचा गटही तशाच लोकांचा आहे, म्हणून उदाहरणं तिकडचीच येतील, पण तुम्ही नागपूरचे असा नाहीतर गोंडवानाचे, काम सारखंच आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा माजी विद्यार्थी संघ असतो तो सगळ्यांचा. आपण ज्या गटाबद्दल बोलून राहिलो तो त्यातलाच, पण एखाद्या धाग्याने जोडलेल्या लोकांचा. एका वसतिगृहात राहिलेले, एनएसएसचे, मेळघाटातून शिकायला आलेले, शेती करणारे कृषी पदवीधर, किंवा आमच्यासारखे ज्यांच्या घरी कुणीच कॉलेज पाहिलं नव्हतं ते. असा गट मोठ्या संघाच्या विरोधात नसतो, त्याला धरूनच चालतो.

माझं सगळ्यात पक्कं मत आधीच सांगते, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. गटाला आधी काम द्या, मेळावा नंतर घ्या. मेळाव्याने सुरू झालेले गट फोटो टाकून झाले की थंड पडतात.

१. धागा एका वाक्यात पक्का करा

"आपण सगळे अमरावती विद्यापीठाचे" एवढ्यावर कुणी उठून येत नाही. पाच जिल्हे आहेत, शेकडो कॉलेज आहेत. त्यामुळे कोण आत अन् कशासाठी हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आमचं वाक्य असं आहे: आपल्या तालुक्यातले, घरातून पहिल्यांदा डिग्री घेतलेले, अन् आता जे पोरंपोरी पहिल्यांदा कॉलेजात चालले त्यांच्या पाठीशी उभे राहणारे.

इथे एक खड्डा आहे तो लक्षात ठेवा. धागा विद्यापीठाच्या नावावर बांधाल तर आपलेच जुने लोक बाहेर राहतात. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं, त्याच्या आधी यवतमाळ, अकोला, बुलडाण्याच्या कॉलेजातून शिकलेल्यांच्या डिग्रीवर नागपूर विद्यापीठाचं नाव आहे. गोंडवाना तर २०११ चं, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीतले त्याआधीचे सगळे नागपूरचेच पदवीधर. कॉलेज तेच, गाव तेच, फक्त कागदावरचं नाव वेगळं. म्हणून नियम करताना "या कॉलेजातून शिकलेले" किंवा "या तालुक्यातले" असं धरा, डिग्रीवर कोणतं विद्यापीठ छापलंय ते विचारू नका.

आणि धागा ज्यांचा आहे नेतृत्व पण त्यांच्याच हातात पाहिजे. कोरकू, कोलाम, गोंड मुलामुलींचा गट असेल तर पुढे त्यांच्यातलंच कुणी असू द्या, बाकीच्यांनी मदतीला राहावं. दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलणं मला पटत नाही.

२. पहिले पाच जण नीट निवडा

शंभर लोकांचा ग्रुप बनवायच्या आधी पाच माणसं जमवा. पाच मित्र नको, पाच वेगवेगळ्या जागचे लोक पाहिजेत: एक जण गावातच राहणारा, काहून की तहसील, सेतू, कॉलेज इथे प्रत्यक्ष जायला माणूस लागतेच. एक पुण्या-नागपुराकडे नोकरीवाला. एक नुकताच पास झालेला, ज्याला आजचे ऑनलाइन फॉर्म माहीत आहेत. एक जण कॉलेजमधला, प्राध्यापक असो की ऑफिसमधले बाबू, बाबूच जास्त कामाचे. आणि या पाचांत किमान दोन बाया, एक नाही, दोन. एकटी असली की ती बैठकीत बोलत नाही अन् पुढच्या वेळी येतही नाही.

या पाच जणांमध्ये तीन कामं वाटून घ्या: निरोप कोण पाठवणार, हिशोब कोण ठेवणार, कॉलेजशी कोण बोलणार. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव ही पदं एवढ्यात काढू नका, पद आलं की भांडण येते.

३. कॉलेजला लेखी कळवा

पुष्कळ जण हे करतच नाहीत आणि मग कॉलेजवाले म्हणतात तुम्ही कोण. एक पानाचं पत्र प्राचार्यांच्या नावाने लिहा. त्यात गटाचं नाव, धागा, पाच जणांची नावं, पास झाल्याचं वर्ष, यंदा काय करणार आहोत, अन् कॉलेजकडून काय पाहिजे, जसं की प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल अन् नोटीस बोर्डवर जागा. पैसे मागू नका. सोबत हे जोडा:

- पाचही जणांच्या डिग्रीची किंवा शेवटच्या मार्कशीटची झेरॉक्स
- ओळखपत्राची झेरॉक्स
- पहिल्या बैठकीचा ठराव, साध्या कागदावर, सगळ्यांच्या सह्या

पत्र दोन प्रतीत न्या, एक देऊन दुसरीवर आवक नंबर अन् शिक्का घ्या. तोंडी "हो हो, करा ना" झालं की प्राचार्य बदलल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कॉलेजलाही तुमची गरज आहे हे समजून बोला. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात विद्यार्थी सहाय्याच्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला मार्क असतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात प्रत्येक कॉलेजला विकास समिती ठेवावी लागते, अन् तिच्यातल्या स्थानिक सदस्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. तुम्ही चांगलं काम केलं तर त्या खुर्चीवर आपल्या धाग्यातलं माणूस बसू शकतं, अन् वसतिगृह, पिण्याचं पाणी, एसटी पासच्या तारखा असे मुद्दे तिथे मांडता येतात.

विद्यापीठाचं बोधचिन्ह किंवा नाव लेटरहेडवर, बॅनरवर लेखी परवानगीशिवाय वापरायचं नाही. तोवर "अमुक कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा गट" एवढंच लिहा.

४. यादी करा, पण माणसाला विचारून

कॉलेज जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर तुम्हाला देणार नाही, अन् देऊही नये. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, माणसाची संमती लागते. तुम्ही एक छोटा गुगल फॉर्म बनवा, मराठीत. नाव, कॉलेज, वर्ष, सध्या कुठे, काय मदत करू शकता (वेळ, माहिती, पैसा, राहायची सोय), अन् शेवटी "माझा नंबर गटाच्या कामासाठी वापरायला हरकत नाही" यावर टिक. जात विचारू नका, पगार विचारू नका. ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांच्यासाठी एक वही ठेवा.

पोरी शोधणं सगळ्यात अवघड, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. लग्न झालं की आडनाव बदलते, कधी नावच बदलते, नंबर नवऱ्याच्या नावावरचा असतो अन् गाव तिसरंच. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये ती माहेरच्या नावाने आहे अन् फेसबुकवर सासरच्या. त्यामुळे फॉर्ममध्ये "कॉलेजात असतानाचं नाव" असा वेगळा रकाना टाकाच. शोधायचं तर माहेरच्या गावातून शोधा, आई नाहीतर वहिनी लगेच सांगते. फोन बाईनेच करावा, दुपारी दोन-तीनच्या सुमारास, घरातली कामं आटोपलेली असतात. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर "मी तिच्या कॉलेजातली अमकी, शाळा-कॉलेजच्या पोरींना मदत करायचं काम आहे" असं सरळ सांगा. आणि तिला विचारा कोणत्या नंबरवर मेसेज केलेला चालेल. आमच्या गटात सर्वात भरवशाच्या अशाच निघाल्या, बीएस्सी करून घरी बसलेल्या, ज्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. एकीने तर तिच्या गावातल्या सगळ्या बारावीच्या पोरींचे फॉर्म एकटीने तपासून दिले, मांडीवर लेकरू घेऊन.

५. व्हॉट्सअॅप लगामात ठेवा

ग्रुप दोन ठेवा. एक फक्त सूचनांचा, जिथे अॅडमिनच टाकू शकतात. दुसरा काम करणाऱ्यांचा, लहान. सूचनांच्या ग्रुपमध्ये रोज काही यायची गरज नाही, महिन्यातून एकदा नेमकं आलं तर लोक वाचतात. गुड मॉर्निंग, पक्षाच्या पोस्टी, विम्याच्या जाहिराती, जातीवरून काही, हे पहिल्याच दिवशी बंद म्हणून लिहून टाका अन् जो पहिला मोडेल तो ओळखीचा असला तरी त्याचा मेसेज काढा. नवीन विद्यार्थिनींचे नंबर मोठ्या ग्रुपमध्ये कधीच उघडे टाकायचे नाहीत. तिला मदत करणारी ताई एक, पोरीचा नंबर त्या ताईकडेच.

६. पहिला हंगाम: जून-जुलै

आता खरं काम. आपल्या भागात पोरांचं शिक्षण कुठे अडते हे पाहा, फीपेक्षा जास्त कागदावर अडते. बाप पेरणीत असतो, पोरगं एकटं सेतूच्या रांगेत, अन् कोणता कागद कशाला हे सांगणारं घरात कुणी नाही. आपण तेवढं जरी केलं तरी गट उभा राहते.

बारावीच्या परीक्षेनंतरच, म्हणजे मे महिन्यात, गावोगाव ही यादी पोचवा:

- शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, चालू वर्षाचा
- अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला अन् जात वैधता (व्हॅलिडिटी), लागू असेल त्याला नॉन क्रिमीलेअर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- आधार, आधारशी जोडलेला मोबाइल नंबर, बँक पासबुक
- एबीसी आयडी (कॉलेजचे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर)

व्हॅलिडिटीचं सगळ्यांना उशिरा कळते. व्यावसायिक कोर्सला जायचं असेल तर अर्ज अकरावी-बारावीत शिकत असतानाच कॉलेजमार्फत करायचा. म्हणून आपल्या गटाने ज्युनिअर कॉलेजात जाऊन दिवाळीच्या आधीच हे सांगितलं पाहिजे, निकालानंतर सांगून फायदा नाही.

दुसरं म्हणजे नावं. दहावीच्या मार्कशीटवर बापाचं नाव रामराव, आधारवर रामभाऊ, अन् उत्पन्नाच्या दाखल्यावर राम. घरच्यांना यात काही वाटत नाही, पण फॉर्म तिथेच अडकते. मेमध्ये पोराला बसवून सगळे कागद एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडायला लावा अन् नावाचं एकेक अक्षर, जन्मतारीख जुळवा. अर्ध्या तासाचं काम आहे. जुळत नसेल तर आधार दुरुस्तीला आत्ताच पाठवा, जुलैत गर्दी असते.

तिसरं, महाडीबीटी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची वेबसाइट. शिष्यवृत्तीचा पैसा फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी जे खातं जोडलेलं आहे त्यात जातो. पोरगं कॉलेजच्या गावात नवीन खातं काढते, त्याचं पासबुक देते, अन् पैसा जातो जुन्या खात्यात जे बंद पडलं आहे. फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला लिंक आहे हे विचारून घ्यायचं. आणि फॉर्म भरला म्हणजे संपलं नाही, कॉलेजकडून तो परत पाठवला जातो, कारण लिहिलेलं असते, पण पोरं पुन्हा लॉगिन करून पाहतच नाहीत. गटातल्या प्रत्येकाने पाच पोरं घ्यावी अन् दर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न विचारावा: स्टेटस काय दाखवते? बस. एवढ्यानेही पुष्कळांची शिष्यवृत्ती वाचते.

चौथं, राहायची सोय. सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तर पुढे काय, हे कुणी सांगत नाही. अनुसूचित जातीच्या अन् नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांना स्वयम, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक अन् मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या अन् दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची सूचना वाचूनच सांगा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर सांगू नका. मुलींना फी माफ म्हणून जे ऐकतो तेही नीट सांगा: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. होस्टेल, मेस त्यात येत नाही. एका पोरीच्या घरी सगळंच फुकट म्हणून समजले अन् मेसचे पैसे भरायच्या वेळी तिला परत न्यायला निघाले होते.

७. पैसा

पहिल्या वर्षी पैसा गोळाच करू नका असं माझं म्हणणं आहे. लागलाच तर ज्याला द्यायचा त्याच्या कामाला सरळ द्या, परीक्षा फी असेल तर कॉलेजच्या काउंटरवर, मेस असेल तर मेसवाल्याला, अन् पावतीचा फोटो काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर. पोराचं नाव झाकून. मदत घेणाऱ्याचा फोटो टाकायचा नाही, चेक देतानाचा तर अजिबात नाही.

कुणाच्याही वैयक्तिक फोनपेवर वर्गणी घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असला तरी. त्याच्या खात्यात घरचा पैसा अन् गटाचा पैसा एक होतो अन् सहा महिन्यांनी त्यालाच हिशोब सांगता येत नाही.

दरवर्षी पैसा लागणार हे दिसलं की दोन रस्ते. कॉलेजचा नोंदणी झालेला माजी विद्यार्थी संघ असेल तर त्याच्या खात्यात आपल्या कामाचा वेगळा निधी ठेवायला सांगा, लेखी ठराव घेऊन. हा सोपा. नसेल तर स्वतःची संस्था, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, अन् महाराष्ट्रात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. काम जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात. साधारण हे लागते:

- किमान सात सदस्य, त्यांचे ओळख अन् पत्त्याचे पुरावे
- संघटनपत्र अन् नियमावली, सगळ्यांच्या सह्यांसह
- कार्यालयाच्या जागेचा पुरावा, घरमालकाचं ना हरकत पत्र
- ठराव, प्रतिज्ञापत्र, संस्थेच्या नावांचे दोन-तीन पर्याय

नंतर पॅन, बँक खातं दोघांच्या सहीचं, दरवर्षी ऑडिट. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज टाकावा लागते, हे विसरलेल्या संस्था वर्षानुवर्षं अडकून पडतात. एवढं सांभाळणारा माणूस नसेल तर नोंदणीच्या मागे लागू नका, खरंच.

परदेशातल्या मित्राचा पैसा आला तर थांबा. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी निधी होतो अन् एफसीआरए म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही, मग तो आपल्याच गावचा का असेना.

८. मेळावा

एक हंगाम काम झालं की मग भेटा. तारीख शेतीचं पाहून ठरवा. जून पेरणीचा, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी, एप्रिल-मेमध्ये ऊन अन् लग्नं. बाहेरगावचे लोक दिवाळीत अन् महालक्ष्म्यांना घरी येतातच, पण महालक्ष्म्यांच्या दिवशी बाया सकाळपासून स्वयंपाकात असतात, म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, दुपारी अकरा ते चार. शेवटची एसटी किती वाजता आहे ते पाहूनच वेळ काढा, नाहीतर दूरच्या खेड्यातली बाई येणार नाही.

स्टेज नको, हारतुरे नको, गोल बसा. आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी, झालं. यंदा कॉलेजात गेलेल्या पोरांना बोलू द्या, त्यांना काय अडलं ते लिहून घ्या, पुढच्या वर्षीची कामाची यादी तिथेच तयार होते.

९. निवडणुकीपासून यादी जपा

विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात. ती निवडणूक आली की अचानक सगळ्यांना तुमचा गट आवडायला लागतो. पदवीधर म्हणून नोंदणी करा हे जरूर सगळ्यांना सांगा, तो आपला हक्क आहे, अन् गटातल्या कुणाला उभं राहायचं असेल तर राहू द्या. पण यादी कुणालाच द्यायची नाही अन् उभा राहणाऱ्याने तेवढा काळ अॅडमिनपद सोडायचं. हा नियम निवडणुकीच्या वर्षाच्या आधीच ठरवून लिहून ठेवा. सरपंच-आमदारांच्या बाबतीतही तेच, वसतिगृहासाठी निवेदन द्यायला जा, पण गटाच्या बॅनरवर त्यांचा फोटो नको.

१०. दोन वर्षांनी पुढच्याला द्या

मुख्य काम पाहणाऱ्याने दोन वर्षांपेक्षा जास्त राहू नये. शक्यतो ज्या पोरापोरींना गटाने पहिल्या वर्षी मदत केली त्यांच्यातलं कुणी पास झालं की त्याला सोबत घ्या, एक हंगाम शेजारी बसवा, मग द्या. देताना एका फाईलमध्ये हे सगळं असलं पाहिजे: कॉलेजच्या पत्राची शिक्क्याची प्रत, संमतीसह यादी, हिशोबाची वही, गुगल फॉर्म ज्या ईमेलवर आहे त्याचा पासवर्ड, कॉलेज-तहसील-बँकेत कोण मदत करते त्यांचे नंबर, अन् कोणत्या महिन्यात काय करायचं त्याचं एक पान. ईमेल सुरुवातीपासून गटाच्याच नावाने काढा, स्वतःच्या नाही. जुन्या माणसाने एक वर्ष ग्रुपमध्ये राहावं, विचारलं तर सांगावं, न विचारता सांगू नये.